पाच भिक्खूंचं प्रकरण: सयाम निकाय कसा जन्मला आणि कुणासाठी बंद झाला

१७४० च्या सुमारास श्रीलंकेच्या डोंगराळ भागातल्या कँडी राज्यात बौद्ध धर्माचं सगळं काही जागच्या जागी होतं. दंतधातूचं, म्हणजे बुद्धांचा दात मानल्या जाणाऱ्या अवशेषाचं मंदिर होतं, विहारांच्या नावावर भातशेती होती, ताडपत्रांवरच्या पाली पोथ्यांचे गठ्ठे होते, पौर्णिमेला शुभ्र वस्त्रं नेसून येणारे उपासक होते. नव्हता तो भिक्खू. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंहितेच्या कसोटीवर ज्याला भिक्खू म्हणता येईल, ज्याची रीतसर उपसंपदा (पूर्ण दीक्षा) झाली आहे, असा एकही माणूस त्या बेटावर उरला नव्हता. महिंद थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू महिंद, धर्म घेऊन ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात जिथं उतरले आणि जिथं त्रिपिटक पहिल्यांदा लिहून काढलं गेलं, त्या बेटाची ही अवस्था होती.

१७५३ मध्ये ही तुटलेली साखळी पुन्हा जोडली गेली आणि त्यातून सयाम निकाय, म्हणजे सयामहून (आजच्या थायलंडहून) आलेल्या परंपरेची भिक्खूंची शाखा, उभा राहिला. आजही श्रीलंकेतला तो सगळ्यात मोठा निकाय आहे. पण ज्या दारातून परंपरा परत आली, ते दार काही वर्षांतच बहुसंख्य लोकांसाठी लावून घेतलं गेलं, आणि त्या बंद दारामुळेच पुढचे दोन निकाय जन्मले. माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट ही दोन टोकं एकत्र पाहिल्यावरच दिसते. लंकेची परंपरा वाचली ती तिनं पूर्वी दुसऱ्यांना मोकळ्या हातानं दिली होती म्हणून. ती फुटली, कारण परत मिळाल्यावर तिला घरच्यांनाच द्यायची इच्छा उरली नाही.

अडचण नेमकी कुठे होती

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पोथ्या आहेत, श्रद्धा आहे, राजाश्रय आहे, मग नव्यानं दीक्षा द्यायला काय हरकत? हरकत विनयाची होती. श्रामणेर म्हणजे उमेदवार होणं तुलनेनं सोपं असतं. उपसंपदा मात्र एकट्या गुरूला देता येत नाही, ते संघाचं काम आहे. उमेदवाराला वीस वर्षं पूर्ण झालेली हवीत. ठरवून आखलेल्या सीमेच्या आत संघ बसायला हवा. त्याच्यासमोर प्रस्ताव एकदा मांडला जातो, मग तीनदा घोषणा होते, आणि संघ मौन राहिला तर उपसंपदा झाली असं मानतात. आणि त्या सीमेत किमान दहा भिक्खू हवेत.

दहाचा नियम मध्यदेशासाठी, म्हणजे बुद्ध जिथं वावरले त्या गंगेकाठच्या मुलखासाठी. सरहद्दीच्या मुलखाला सवलत आहे, आणि ती कशी मिळाली हे विनयातच नोंदवलेलं आहे. अवंती-दक्षिणापथात सोण कुटिकण्ण नावाचा एक तरुण प्रव्रज्या घेऊन बसला होता. त्या भागात भिक्खू इतके विरळ की महाकच्चान थेरांना दहाजण जमवायला तीन वर्षं लागली. पुढे सोण बुद्धांच्या भेटीला निघाला, तेव्हा थेरांनी त्याच्याबरोबर विनंती पाठवली, आणि बुद्धांनी सरहद्दीच्या प्रदेशात पाचांच्या संघाला उपसंपदा देण्याची मुभा दिली. त्या पाचांत एक विनयाचा जाणकार असावा, एवढीच अट. दक्षिणापथ म्हणजे आपलाच मुलूख. आपल्याकडच्या तुटवड्यातून निघालेला हा नियम दोन हजार वर्षांनी लंकेच्या कामी यायचा होता. पण पाच तरी हवेतच. लंकेत शून्य होते. श्रामणेर शंभर जमले तरी त्यांच्यातून एक भिक्खू तयार होत नाही.

इथवर वेळ कशी आली

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीतावकचा राजा राजसिंह शैव झाला आणि भिक्खूंवर संकट आलं. किनाऱ्यावर पोर्तुगीज विहार पाडत होते. कँडीच्या राजांनी खटपट केली नाही असं नाही. पहिल्या विमलधर्मसूर्यानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस आराकानातून, म्हणजे आजच्या म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यातून, भिक्खू आणवले. शंभर वर्षांनी, १६९७ मध्ये, दुसऱ्या विमलधर्मसूर्यानं पुन्हा आराकानातूनच आणवले. दोन्ही वेळा उपसंपदा झाल्या, आणि दोन्ही वेळा एखाद्या पिढीत सगळं ओसरलं.

मला हा भाग फार बोलका वाटतो. समारंभ झाला, पण नंतर त्या नव्या भिक्खूंना घडवणारं घर उभं राहिलं नाही. विनयाप्रमाणे नव्या भिक्खूनं निदान पाच वर्षं आचार्याच्या आश्रयानं राहायचं असतं. पाहुणे भिक्खू परत गेले की हा आश्रय कुणाचा? पोकळी भरली ती गणिन्नान्से म्हणवणाऱ्या विहारधारकांनी. हे अर्धे भिक्खू, अर्धे गृहस्थ. भिक्खूंचं नाव लावायचे, विहाराची जमीन सांभाळायचे, अनेकांचा संसारही असे, आणि विहार मामाकडून भाच्याकडे असा नात्यातच जायचा. त्यांना नुसतं दोषी धरणं बरोबर नाही. त्यांच्यामुळेच पोथ्या आणि पूजा टिकल्या. पण जमीन आणि नातं यांची ही गाठ पक्की बसली, आणि पुढच्या सुधारणेलाही ती सोडवता आली नाही.

सरणंकर

१६९८ मध्ये वेलिविट गावी जन्मलेले सरणंकर सोळाव्या वर्षी श्रामणेर झाले. भोवतालच्या गणिन्नान्सेंसारखं जगायचं त्यांनी नाकारलं. ते भिक्षापात्र घेऊन दारोदार जात, म्हणून लोक त्यांना पिंडपातिक म्हणू लागले. पाली शिकायची तर शिकवणारा कुणी नव्हता. लेवुके नावाचा एक दरबारी गृहस्थ राजाच्या गैरमर्जीमुळे अटकेत होता आणि त्याला पाली व्याकरण येत होतं. सरणंकर त्याच्याकडे जाऊन शिकले, असं परंपरा सांगते. श्रामणेराला पाली शिकवायला बंदिवान गृहस्थ शोधावा लागतो, यातच त्या काळाचं दारिद्र्य दिसतं.

त्यांच्याभोवती समविचारी तरुण जमले. या गटाला सिल्वत समागम म्हणत, म्हणजे शीलवंतांचा मेळावा. ते उपसंपदा देऊ शकत नव्हते, पण शिकू आणि शिकवू शकत होते. आराकानच्या दोन्ही वेळी जे नव्हतं ते यांनी आधीच उभं केलं: अभ्यास, शिस्त आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारी मंडळी. माझं ठाम मत आहे की १७५३ ची उपसंपदा टिकली ती या तीस-चाळीस वर्षांच्या मशागतीमुळे. बी बाहेरून आलं, पण जमीन तयार होती.

तीन सफरी

भिक्खू आणायचे तर जहाज हवं. समुद्र आणि बंदरं डच कंपनीच्या हातात होती, कँडीकडे आरमार नव्हतं. कंपनीला बौद्ध धर्माचं काही सोयरसुतक नव्हतं. पण दालचिनी मिळत राहायची तर कँडीच्या राजाला खूश ठेवणं भाग होतं. म्हणून तिनं जहाज दिलं. आराकानची सत्ता ढासळली होती, ब्रह्मदेशात पेगू आणि आवा यांच्यात युद्ध पेटलं होतं. उरला सयाम.

१७३९ मध्ये कँडीच्या गादीवर नायक्कर घराणं आलं होतं. हे राजे मूळचे दक्षिण भारतातले, तमिळ-तेलुगू संस्कृतीत वाढलेले. त्यांच्यातल्या श्री विजय राजसिंहानं सरणंकरांच्या आग्रहावरून १७४१ मध्ये पहिलं शिष्टमंडळ पाठवलं. जहाज पेगूजवळ फुटलं. १७४७ मध्ये दुसरं गेलं, ते सयामपर्यंत पोचलं. पण इकडे राजा मरण पावला आणि दूत भिक्खूंवाचून परतले.

नवा राजा कीर्ती श्री राजसिंह जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होता. १७५० मध्ये त्यानं तिसरं शिष्टमंडळ त्रिंकोमालीहून रवाना केलं. सयामची राजधानी अयुथया इथल्या बोरोमकोट राजानं त्यांचं थाटात स्वागत केलं आणि उपाली महाथेरांच्या नेतृत्वाखाली भिक्खूंचा संघ द्यायचं कबूल केलं. परतीच्या वाटेवर जहाजाला गळती लागली आणि ते सयामच्याच किनाऱ्यावर, नाखोन सी थम्मरातला जाऊन रुतलं.

या गावाजवळ थोडं थांबायला हवं. लंकेहून निघालेली उपसंपदेची परंपरा तेराव्या शतकात सयामी प्रदेशात पसरली, ती याच गावातून. सुखोथयच्या १२९२ च्या शिलालेखातले विद्वान महाथेर नाखोन सी थम्मरातहून आलेले आहेत, आणि तिथला महास्तूप लंकेच्या घाटाचा आहे. सयामी लोक आपल्या परंपरेला लंकावंश म्हणत. म्हणजे कँडीचे दूत जी वस्तू मागायला गेले होते, ती त्यांच्याच पूर्वजांनी पाचशे वर्षांपूर्वी तिथं ठेवली होती. आणि हे एकदाच घडलेलं नाही. अकराव्या शतकात चोळांच्या स्वारीनंतर पहिल्या विजयबाहूनं ब्रह्मदेशातून भिक्खू आणले. १४७६ मध्ये पेगूच्या धम्मजेदी राजानं बावीस भिक्खू लंकेला पाठवले. त्यांनी कल्याणी नदीवर, म्हणजे आजच्या केलनियाला, नव्यानं उपसंपदा घेतली आणि परत जाऊन आपल्या देशात कल्याणी सीमा स्थापली. थेरवाद एका देशात कधीच अखंड राहिलेला नाही. तो अखंड राहिला तो तीन देशांच्या देवघेवीत.

जहाज रुतल्यावर मंडळी माघारी गेली, पुन्हा निघाली, बटावियाला (आजच्या जकार्ताला) गेली, तिथून डचांच्या जहाजानं मे १७५३ मध्ये त्रिंकोमालीला पोचली. वाटेत काही दूत दगावले. सोणासाठी दहा भिक्खू जमवायला महाकच्चान थेरांना जितकी वर्षं लागली होती, तितकीच, तीन वर्षं, या सफरीलाही लागली.

आषाढी पौर्णिमा, १७५३

कँडीच्या मलवत्त विहारात सीमा आखली गेली. आषाढी पौर्णिमेला राजासमोर पहिल्या सहा श्रामणेरांना उपसंपदा मिळाली. सरणंकर तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्यांचीही उपसंपदा झाली आणि राजानं त्यांना संघराज केलं. पुढच्या तीन वर्षांत सातशेच्या आसपास उपसंपदा आणि काही हजार श्रामणेर दीक्षा झाल्याचं परंपरा सांगते. सयामहून आणखी एक तुकडी आली, तिच्यातल्या थेरांनी ध्यानाचं शिक्षण दिलं. म्हणजे या वेळी समारंभाबरोबर आचार्यही होते, आणि ते राहिले. उपाली १७५६ मध्ये कँडीतच वारले.

त्यांनी आणखी एक गोष्ट घडवून आणली. कँडीची आषाढातली मिरवणूक, पेराहेरा, तेव्हा फक्त देवांची असे. सयामी भिक्खूंना हे खटकलं. राजानं हुकूम काढला की दंतधातू मिरवणुकीच्या अग्रभागी निघेल. आज जगभरातले लोक जो सोहळा पाहायला येतात, त्याला हा क्रम तेव्हा मिळाला.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं अयुथया जाळून उद्ध्वस्त केलं. उपालींचं जहाज पंधरा वर्षं उशिरा निघायचं असतं, तर मागणारे कुणाकडे गेले असते?

राजा आणि संघ यांचं मात्र नेहमी गोडीगुलाबीचं नव्हतं. राजा विहार बांधत होता, चित्रं काढवून घेत होता, पण कपाळाला भस्मही लावत होता. १७६० मध्ये काही सरदारांनी राजाला मारून सयामी राजपुत्राला गादीवर बसवायचा कट केला. त्यात संघराज सरणंकरांचंही नाव आलं, त्यांना कैद झाली, आणि नंतर राजानं त्यांना सोडलं. ज्यांनी एकमेकांच्या आधारानं परंपरा उभी केली, त्यांच्यात सात वर्षांत हे झालं. १७७८ मध्ये सरणंकर गेले.

दार लागतं

आता या प्रकरणातला तो भाग, जो लिहिताना मला त्रास होतो. उपालींच्या काळात उपसंपदेला जात आडवी आली नव्हती. १७६० च्या दशकात मात्र ठरलं की उपसंपदा फक्त गोविगमांना, म्हणजे जमीनदार-शेतकरी या वरच्या मानल्या गेलेल्या जातीला मिळेल. आणि तीही कँडीतच, मलवत्त किंवा अस्गिरिय या दोन विहारांच्या अखत्यारीत. बुद्धांनी संघाची तुलना समुद्राशी केली होती: नद्या येऊन मिळाल्या की त्यांची आधीची नावं उरत नाहीत. त्याच संघात आता नदीचं नाव विचारून आत घेतलं जाऊ लागलं.

कारण असं सांगितलं जातं की इतर जातींतले भिक्खू वरच्या जातीच्या गृहस्थांपुढे जुन्या सवयीनं लवत होते, आणि भिक्खूनं गृहस्थाला वंदन करणं विनयात बसत नाही. गृहस्थांना समज देता आली असती. त्याऐवजी भिक्खूलाच बाहेर ठेवलं. पण माझ्या मते खरं कारण जमिनीत आहे. विहारांच्या शेतीचा वारसा नात्यातल्या शिष्याकडे जाण्याची गणिन्नान्सेंच्या काळातली रीत नव्या निकायातही चालूच राहिली. वारस नात्यातला, म्हणजे जातीतला. जिथं विहार ही मालमत्ता असते, तिथं उपसंपदा हा वारसाहक्काचा दाखला होऊन बसते. राजालाही दोन विहारांत बांधलेला संघ आवरायला सोपा होता.

मादू गंगेवरचा मंडप

किनारपट्टी कँडीच्या राजाची नव्हती. तिथं सलागम, कराव, दुराव या जाती होत्या. दालचिनी सोलण्याचं काम सलागमांचं, आणि युरोपीय व्यापारात त्यांच्यातल्या काहींनी पैसा आणि मान दोन्ही मिळवलं होतं. १७९६ मध्ये किनारा ब्रिटिशांकडे गेला. कँडीची मनाई तिथं लागू करायला कुणी नव्हतं, पण उपसंपदा देणारंही कुणी नव्हतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: पाच भिक्खू कुठून आणायचे?

बलपिटियाजवळच्या अंबगहपिटियचे ञाणविमल हे सलागम समाजातले श्रामणेर. उपासकांनी वर्गणी जमवली आणि १७९९ मध्ये ते काही सोबत्यांसह ब्रह्मदेशाला निघाले. या वेळी राजाचं पत्र नाही, शिष्टमंडळ नाही. १८०० मध्ये बोदोपया राजाच्या अमरपुर या राजधानीत त्यांची उपसंपदा झाली. १८०३ मध्ये ते ब्रह्मी भिक्खूंना घेऊन परतले आणि वैशाखी पौर्णिमेला बलपिटियाच्या मादू गंगेत पाण्यावर मंडप उभारून पहिल्या उपसंपदा झाल्या. पाण्यावर का? जमिनीवर सीमा आखायची तर जमिनीचा हक्क आणि जुन्या सीमांशी वाद. वाहत्या पाण्यातली सीमा विनयात मान्य आहे आणि तिथं कुणाची मालकी नाही. जातीमुळे नाकारलेल्यांनी नदीत जागा शोधली. हाच अमरपुर निकाय.

पुढे त्याच पाण्यानं त्यांना भांडायला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंकागोड धीरानंद थेरांनी आक्षेप घेतला: मंडपाकडे जाणारा पूल किनाऱ्याला जोडलेला असतो, त्यामुळे सीमा जमिनीशी मिसळते आणि तिच्यातल्या उपसंपदा सदोष ठरतात. एका पुलाच्या टेकण्यावरून निकाय दुभंगला. आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. ज्यांची भिक्खूपणाची ओळखच नाकारली गेली होती, त्यांना मात्र ती ओळख निर्दोष असण्याची किती काळजी असेल, हे लक्षात घेतलं तर त्या वादातली कळकळ समजते. दुःखाची गोष्ट दुसरी: अमरपुराच्या शाखाही बऱ्याच अंशी जातींप्रमाणेच पडत गेल्या. कँडीनं शिकवलेला धडा तिथंही गिरवला गेला.

१८६४ मध्ये अंबगहवत्ते सरणंकरांनी (वेलिविटच्या सरणंकरांहून हे वेगळे), तेही ब्रह्मदेशात उपसंपदा घेऊन, रामञ्ञ निकाय स्थापला. जात विचारायची नाही, देवपूजेत पडायचं नाही, अरण्यवासाला मान द्यायचा, असा त्याचा कटाक्ष. आकारानं तो लहानच राहिला.

किनाऱ्यावरच्या या निकायांनी काय दिलं ते १८७३ मध्ये पाणदुरला दिसलं. मिशनऱ्यांशी झालेल्या त्या जाहीर वादात बौद्धांच्या बाजूनं उभे राहिलेले मिगेट्टुवत्ते गुणानंद अमरपुर निकायाचे, आणि जन्म बलपिटियाजवळचा. ज्या भागातल्या माणसांना कँडीत भिक्खू होता येत नव्हतं, तिथल्या भिक्खूनं साऱ्या बेटाच्या धर्माची बाजू लढवली. त्याच वर्षी सयाम निकायातल्या हिक्कडुवे सुमंगलांनी कोलंबोत विद्योदय पिरिवेण, म्हणजे भिक्खूंचं विद्यालय, सुरू केलं. २०१९ मध्ये अमरपुर आणि रामञ्ञ हे दोन्ही निकाय एका महासंघसभेखाली एकत्र आले. मलवत्त आणि अस्गिरियचा जातीचा नियम मात्र कायम राहिला.

दांबुल्ला

त्या नियमाला आतून तडा गेला तो दांबुल्लात. तिथल्या गुहांमधली बरीचशी चित्रं कीर्ती श्री राजसिंहाच्याच काळात नव्यानं रंगवलेली आहेत. १९८५ मध्ये इनामलुवे सुमंगल थेर अस्गिरियपासून वेगळे झाले आणि सयाम निकायाच्याच परंपरेतली उपसंपदा सगळ्या जातींना देऊ लागले.

मग पाचांचा प्रश्न तिसऱ्यांदा आला, या वेळी स्त्रियांचा. लंकेतला भिक्खुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला होता, आणि तो ना सयामात होता ना ब्रह्मदेशात. पण एक ठेव आणखी दूर होती. पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी जहाजानं चीनमधल्या आजच्या नानजिंगला गेल्या होत्या. ४२९ मध्ये आठ पोचल्या, संख्या पुरेना. ४३३ मध्ये आणखी अकराजणी आल्या, आणि त्यानंतर तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांची उपसंपदा झाली. ती परंपरा पूर्व आशियात आजही चालू आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सारनाथला कोरियन संघाच्या साहाय्यानं लंकेच्या दहा स्त्रियांनी उपसंपदा घेतली, १९९८ मध्ये बोधगयेला तैवानच्या संघाच्या पुढाकारानं आणखी काहींनी. सयाम निकायाच्या महानायकांनी, म्हणजे प्रमुखांनी, ती मानली नाही. परंपरा महायानी देशातून आलेली, मधला धागा थेरवादी नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.

मार्च १९९८ मध्ये दांबुल्लात बावीस स्त्रियांना भिक्खुणी म्हणून उपसंपदा मिळाली. तिथं दरवर्षी नव्या येत राहिल्या.